अर्ध्यावर सोडलेली शुश्रूषा

गेल्या वर्षी आमच्या मंडळाच्या एका बैठकीत रघुनाथ धोंडो कर्वे यांच्या 'समाजस्वास्थ्य' मासिकावर एक चांगला निबंध वाचण्यात आला. निबंधकाराने परिश्रम घेतले होते. श्रोत्यांनी माना डोलावल्या, कर्व्यांच्या धैर्याचे कौतुक झाले आणि त्यांना छळणाऱ्या तत्कालीन समाजाचा यथेच्छ निषेधही झाला. नंतर चहाच्या वेळी आम्ही एक प्रश्न विचारला. आपल्या हिमायतनगरातील घरांपासून रिक्षाने दहा-पंधरा मिनिटांवर सरकारी रुग्णालये आहेत. अशा रुग्णालयांत गर्भपात करून घेतलेल्या स्त्रीला घरी पाठविताना गर्भनिरोधनाची माहिती आणि साधन हाती मिळते काय, याची आपल्यापैकी कोणी कधी चौकशी केली आहे काय? क्षणभर कोणी बोलले नाही. मग एक ज्येष्ठ सभासद म्हणाले, "हा विषय साहित्याच्या व्यासपीठाचा नव्हे." "आणि कर्वे?" असे आम्ही म्हणताच ते हसून उत्तरले, "अहो, कर्वे आता वाङ्मय झाले."

या एका वाक्याविरुद्ध आम्ही हा लेख लिहीत आहोत. ज्येष्ठांचा अनादर करण्याचा हेतू नाही. त्यांनी जे मोकळेपणाने बोलून दाखविले ते आपल्यापैकी बहुतेकांच्या मनात असते. कर्वे वाङ्मय झाले म्हणजे ते कपाटात गेले, आणि कपाटात गेलेल्या माणसाचा आदर करणे फार सोपे असते.

प्रथम एक हकीकत सांगतो. आमच्या घरी अनेक वर्षे धुणेभांडी करणारी एक बाई देगलूर तालुक्यातली. नवरा बांधकामावर, पदरी तीन मुले. मराठी तिची मायबोली, हिंदी कामापुरती, तेलुगू अगदीच तोडकी. चौथ्या खेपेस दिवस गेल्यावर तिने या महानगरातील एका सरकारी रुग्णालयात जाऊन पिशवी धुऊन घेतली. त्या रुग्णालयाचे नाव येथे देण्याचे प्रयोजन नाही, कारण दोष त्या एका इमारतीचा नाही. शस्त्रक्रिया नीट झाली, पैसे पडले नाहीत, डॉक्टरीणबाई सौजन्याने वागल्या. निघताना तिच्या हाती इंग्रजीत लिहिलेला कागद पडला आणि परिचारिका म्हणाली, "वच्चे नेल रा अम्मा." पुढच्या महिन्यात ये. पाळी आली की ये, म्हणजे तांबीचे किंवा गोळ्यांचे बघू, असा त्याचा अर्थ शेजारच्या खाटेवरील बाईने तिला समजावून सांगितला.

पुढच्या महिन्यात ती गेली नाही. तिच्या पुढच्या महिन्यातही गेली नाही. तिसऱ्या महिन्यात ती पुन्हा गरोदर असल्याचे कळले तेव्हा आमच्या घरच्या मंडळींनी तिला रागे भरले. तिने शांतपणे जे उत्तर दिले ते आम्हांस आजही विसरता येत नाही. "वैनी, पाळी आल्यावर या म्हणल्या होत्या. पाळीच आली न्हाई, मग जाऊ कशी?"

त्या खेपेस शरमेने ती रुग्णालयात गेली नाही. कोणाकडून तरी मेडिकलमधून गोळ्या आणविल्या, किती दिवसांचा गर्भ याचा हिशेब चुकला, आणि एका रात्री रक्तस्राव थांबेना म्हणून तिला उचलून न्यावे लागले. दोन बाटल्या रक्त चढवावे लागले. जीव वाचला. घरी सोडताना तिला एवढेच विचारण्यात आले: "ऑपरेशन करून घेतेस काय?" आधी काहीच नाही, आणि नंतर एकदम कायमचे. या दोन टोकांच्या मध्ये जे सारे असते त्याचा उल्लेखही तिच्या कानी पडला नाही.

तिच्या उत्तरात जे शरीरशास्त्र आहे ते आपल्या वाचकांनी समजून घ्यावे. सुरुवातीच्या महिन्यांतील गर्भपातानंतर स्त्रीची गर्भधारणक्षमता फार लवकर परत येते. बीजमोचन कधीकधी आठ-दहा दिवसांतच आणि पुष्कळदा तीन-चार आठवड्यांच्या आत होते. बीजमोचन आधी आणि पाळी नंतर, हा निसर्गाचा क्रम आहे. म्हणून 'पाळी आली की ये' या सल्ल्यात मूलभूत चूक आहे: ज्या काळात गर्भ राहू शकतो नेमका तोच काळ तो मोकळा सोडतो. बाळंतपणानंतर अंगावर पाजणाऱ्या स्त्रीस काही महिने थोडेबहुत नैसर्गिक संरक्षण असते; गर्भपातानंतर तेही नसते. जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्यानुसार गर्भपातानंतर पुढील गर्भधारणेपूर्वी निदान सहा महिने जाऊ द्यावेत. हे सहा महिने केवळ उपदेशाने जात नाहीत.

आणि थांबण्याचे वैद्यकीय कारण तरी काय? गर्भाशय रिकामे करण्याची शस्त्रक्रिया झाली असेल आणि जंतुसंसर्ग वा इजा नसेल, तर तांबी त्याच वेळी, त्याच टेबलावर बसविता येते. जंतुसंसर्ग असेल तर मात्र तो बरा होईपर्यंत थांबावे लागते. गोळ्यांनी गर्भपात केला असेल तर तो पूर्ण झाल्याची खात्री पटल्यावर तांबी बसविता येते. तोंडाने घ्यावयाच्या गर्भनिरोधक गोळ्या वा इंजेक्शन यांसाठी तेवढेही थांबावे लागत नाही, ते त्याच दिवसांत सुरू करता येते. निरोधला तर कोणत्याच मुहूर्ताची गरज नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांतही गर्भपाताची सेवा व गर्भनिरोधनाची सेवा एकत्र मांडली आहे. आपल्या केंद्र सरकारच्या आरोग्य खात्याच्या सूचनाही याच अर्थाच्या आहेत. साधनेही आहेत. माला-एन या गोळ्या व तांबी जुनीच. २०१७ पासून 'अंतरा' हे तीन महिन्यांनी घ्यावयाचे इंजेक्शन आणि 'छाया' ही संप्रेरकरहित गोळी सरकारी केंद्रांत विनामूल्य देण्यास सुरुवात झाली. 'छाया'तील औषध तर लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत, म्हणजे आपल्याच देशात, शोधले गेले. मग अडते कोठे?

अडते ते दोन खोल्यांच्या मधल्या व्हरांड्यात. गर्भपात होतो तो शस्त्रक्रियागृहात वा प्रसूती विभागात. कुटुंबनियोजनाची खोली असते दुसरीकडे, कधी दुसऱ्या मजल्यावर, कधी दुसऱ्या इमारतीत. तिची वेळ निराळी, वार निराळे, नोंदवही निराळी. गर्भपाताच्या खोलीत बसणाऱ्या डॉक्टरच्या कपाटात गोळ्यांची पाकिटे नसतात. कारण तो साठा दुसऱ्या परिचारिकेच्या नावावर असतो. समुपदेशन करणारी व्यक्ती एकच, आणि ती लसीकरणाच्या दिवशी तिकडे गेलेली असते. यांपैकी प्रत्येक जण आपले काम चोख करीत असेल, आणि तरीही बाई दोन चोख कामांच्या मधून रिकाम्या हाताने घरी जाते. जिला दिवसाची मजुरी बुडवून, लहान मूल शेजारणीकडे ठेवून, घरी खोटे कारण सांगून यावे लागते, तिला 'पुढच्या महिन्यात ये' असे सांगणे म्हणजे 'येऊ नकोस' असे सांगण्यासारखेच आहे.

हे एकाच खोलीत, एकाच दिवशी केले तर फरक पडतो काय, याचे उत्तर अनुभवाने दिलेले आहे. झिंबाब्वे देशात दोन मोठ्या सरकारी रुग्णालयांची तुलना करण्यात आली. हरारे येथे गर्भपाताच्या गुंतागुंतीसाठी आलेल्या स्त्रियांना वॉर्डातच माहिती व साधन दिले गेले. बुलावायो येथे नेहमीचीच पद्धत चालू राहिली. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार पुढील वर्षभरात हरारेच्या गटात १५ टक्के स्त्रियांना नको असताना गर्भ राहिला, तर बुलावायोच्या गटात ३४ टक्के. आपल्या देशातही सहा राज्यांतील सार्वजनिक केंद्रांत २०११ ते २०१४ या काळात, कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण देऊन ही सेवा गर्भपाताच्या जागीच दिली गेली तेव्हा दर पाच स्त्रियांपैकी सुमारे चौघींनी कोणते ना कोणते साधन स्वीकारले. 'या बायकांना काही नकोच असते' असे म्हणणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप नीतीचा. गर्भपातानंतर लगेच साधन हाती देणे म्हणजे स्वैराचारास उत्तेजन, असे अजून म्हटले जाते. मोठ्याने कमी, कुजबुजून अधिक. हा आक्षेप नवा नाही. १९२१ साली, ज्या वर्षी लंडनमध्ये मेरी स्टोप्सबाईंनी आपले केंद्र उघडले त्याच वर्षी, कर्व्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र सुरू केले, तेव्हा त्यांना हेच ऐकावे लागले. १९२५ मध्ये त्यांना प्राध्यापकी सोडावी लागली. १९२७ च्या जुलैत निघालेल्या 'समाजस्वास्थ्या'वर १९३१ आणि १९३४ मध्ये अश्लीलतेचे खटले झाले, दंड झाला. १९३४ च्या खटल्यात त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली. १९३८ मध्ये संततिनियमनाच्या प्रसाराची व साधनांची जबाबदारी सरकारने घ्यावी असा ठराव बाबासाहेबांच्या पक्षातर्फे मुंबई विधिमंडळात आला, तो फेटाळला गेला. आणि १९५२ मध्ये स्वतंत्र भारताने सरकारी कुटुंबनियोजन कार्यक्रम सुरू केला, असा कार्यक्रम स्वीकारणारा जगातील पहिला देश म्हणून. कर्वे १९५३ मध्ये गेले. ज्याला अनीती म्हणून दंड केला ते तीस वर्षांच्या आत राष्ट्रीय धोरण झाले. एवढा इतिहास ठाऊक असूनही आपण तोच आक्षेप घेऊन पुन्हा उभे राहावे, हे शोभत नाही.

शिवाय ज्या स्त्रीविषयी आपण बोलत आहोत ती बहुधा कोण असते? आमच्या पाहण्यात तरी ती विवाहित, एक-दोन लेकरांची आई असते. ती अविवाहित असली तरी तिच्या शरीराचे नियम बदलत नाहीत आणि कायदाही आता तिला वेगळे काढीत नाही. १९७१ चा वैद्यकीय गर्भपाताचा कायदा १ एप्रिल १९७२ पासून अंमलात आला. ज्या समितीच्या शिफारशींवरून तो झाला तिचे अध्यक्ष होते महाराष्ट्राचे तत्कालीन आरोग्यमंत्री शांतिलाल शहा. गर्भनिरोधक साधन अपयशी ठरणे हे त्या कायद्याने गर्भपाताचे एक कारण मानले. मात्र ते विवाहित स्त्री व तिचा पती यांच्यापुरते. २०२१ च्या दुरुस्तीने तेथे 'कोणतीही स्त्री वा तिचा जोडीदार' असे शब्द घातले, आणि २९ सप्टेंबर २०२२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने अविवाहित स्त्रीस वगळणे घटनेशी विसंगत ठरविले. कायदा स्वतःच साधनाच्या अपयशाची दखल घेतो. मग ज्या रुग्णालयात हे कारण कागदावर लिहिले जाते तेथेच त्या स्त्रीला 'कोणते साधन वापरीत होतीस, ते का फसले, आता दुसरे कोणते हवे' एवढे विचारले जाऊ नये, याला कोणते तर्कशास्त्र म्हणावे?

दुसरा आक्षेप निष्काळजीपणाचा. 'एकदा ठेच लागून शहाणपण येत नाही' असे आपण आपल्या कामवाल्यांविषयी किती सहज बोलतो! आम्हीही बोललो, हे वर कबूल केलेच आहे. पण ज्या बाईला शिकविलेलेच नाही तिला नापास करण्याचा अधिकार आपणांस कोणी दिला? निष्काळजीपणा शोधावयाचाच तर तो घरातील पुरुषापाशीही शोधावा. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातील विवाहित स्त्रियांपैकी ३७.९ टक्क्यांची नसबंदी झालेली होती, आणि पुरुषांच्या नसबंदीचे प्रमाण होते ०.३ टक्के. आपल्या तेलंगणात स्त्रीनसबंदीचे प्रमाण देशाच्या सरासरीपेक्षा पुष्कळच अधिक, साठ टक्क्यांच्या आसपास आहे. पुरुषाची शस्त्रक्रिया सोपी, कमी धोक्याची, त्याच दिवशी घरी जाता येईल अशी. तरी ओझे सारे बायकोच्या पोटावर.

तिसरा आक्षेप गंभीर आहे, आणि तो घेणाऱ्यांचा आम्ही आदर करतो. ते म्हणतात, गर्भपातासाठी आलेली स्त्री अगतिक असते. त्या घटकेस तिच्यापुढे साधन ठेवणे म्हणजे सक्तीच होय. हे म्हणण्यास इतिहासाचा आधार आहे. आणीबाणीत, १९७६-७७ या एका वर्षात, देशात ऐंशी लाखांहून अधिक नसबंद्या झाल्या. पुरोगामी म्हणविणाऱ्या महाराष्ट्राच्या विधिमंडळाने १९७६ मध्ये सक्तीच्या नसबंदीचे विधेयक संमत केले होते. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून ते कायदा झाले नाही. आपल्या शहराच्या वेशीवरील पटानचेरूची गोष्ट तर आपल्या स्मरणातून पुसलीच गेली आहे. नेट-एन या इंजेक्शनच्या चाचणीसाठी तेथील प्राथमिक आरोग्य केंद्रात जमविलेल्या स्त्रियांना आपण प्रयोगात सामील होत आहोत याची धड कल्पनाही दिलेली नाही, असे हैदराबादच्या स्त्री शक्ती संघटनेच्या कार्यकर्त्यांना आढळले, आणि १९८६ मध्ये त्यांनी इतरांसह सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. नोव्हेंबर २०१४ मध्ये छत्तीसगडच्या बिलासपूर जिल्ह्यातील नसबंदी शिबिरांनंतर तेरा स्त्रिया मृत्यू पावल्या. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशी शिबिरे तीन वर्षांत बंद करण्यास सांगितले.

महाराष्ट्रातील ग्रामीण स्त्रियांच्या गर्भपातविषयक गरजांचा अभ्यास मनीषा गुप्ते, सुनीता बंदेवार व हेमलता पिसाळ यांनी केला व तो १९९७ मध्ये प्रसिद्ध झाला. स्त्रिया सरकारी केंद्र टाळतात, कारण तेथे नवऱ्याची सही मागतात व साधन घेण्याची अट घालतात, ही व्यथा त्या बायकांच्या बोलण्यातून पुढे आली होती. वास्तविक सज्ञान स्त्रीच्या गर्भपातास तिची स्वतःची संमती पुरते. नवऱ्याच्या सहीची अट कायद्यात कोठेही नाही. 'नसबंदी करणार असशील तर गर्भपात करू' हा सौदा तर कायद्याला आणि माणुसकीला दोहोंनाही सोडून आहे.

तेव्हा सक्तीचे भय खरे आहे. पण त्यावरून निघणारा निष्कर्ष आम्हांस मान्य नाही. सक्ती वाईट म्हणून माहितीच द्यावयाची नाही, हा उपाय अन्नात विष सापडले म्हणून स्वयंपाकघरच बंद करण्याजोगा आहे. सक्ती कोठे रुजते? जेथे पर्याय एकच असतो, जेथे भाषा कळत नाही, जेथे 'नको' म्हणण्याची रीत ठाऊक नसते, तेथे. चार साधने समोर ठेवून, प्रत्येकाचे गुण व त्रास सांगून, 'यांपैकी काहीही नको' हेही एक उत्तर आहे असे स्पष्ट बजावून जी निवड होते, ती सक्तीच्या विरुद्ध दिशेची आहे. तांबी बसविलेली बाई उद्या 'काढून टाका' म्हणाली तर ती विनातक्रार काढली गेली पाहिजे. केंद्राचे यश किती तांब्या बसविल्या यावर मोजू नये. किती स्त्रियांना सारे सांगितले गेले आणि जे मागितले ते मिळाले यावर मोजावे.

चौथा आक्षेप व्यवहाराचा. सरकारी रुग्णालयात गर्भपातासाठी येतातच किती? 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ' या नियतकालिकात २०१८ मध्ये छापलेल्या अभ्यासाच्या अंदाजानुसार २०१५ साली भारतात सुमारे १ कोटी ५६ लाख गर्भपात झाले. त्यांपैकी ७३ टक्के रुग्णालयाबाहेर, गोळ्या घेऊन. सरकारी व खाजगी मिळून रुग्णालयांत झाले ते अवघे २२ टक्के. म्हणून हा प्रश्न लहान ठरतो काय? आमच्या मते तो अधिक तीव्र होतो. सरकारी दाराशी जी येते ती बहुधा सर्वांत गरीब, किंवा आमच्या बाईसारखी अर्धवट गर्भपाताने रक्ताळलेली. ती पुन्हा या दाराशी येईल की नाही हे पहिल्या भेटीतच ठरते. जी रिकाम्या हाताने परतते ती दुसऱ्या खेपेस मेडिकलची वाट धरते, आणि त्या ७३ टक्क्यांत जमा होते. गोळ्या योग्य मुदतीत, योग्य माहितीने घेतल्या तर सुरक्षित आहेत. हिशेब चुकला आणि मागे रुग्णालय नसले तर त्याच गोळ्यांनी रात्र जड जाते.

आता या सगळ्याशी साहित्य मंडळाचा काय संबंध, या मूळ प्रश्नाकडे येतो. आपण निजामाच्या काळापासून या शहरात नांदणारी मराठी घराणी. मराठवाड्याचे जिल्हे १९५६ पर्यंत याच राज्यात होते. त्या सीमा हलल्या, पण देगलूर-बिलोलीकडून कामासाठी येणारी माणसे थांबली नाहीत. ती आपल्या घरी येतात, आपली भाषा बोलतात, आणि रुग्णालयाच्या दाराशी मुकी होतात. केशवराव कोरटकरांच्या स्मरणार्थ नारायणगुड्यात उभी असलेली शाळा आपण अभिमानाने दाखवितो. परमुलखात आपल्या माणसांना शब्दांची सोय करून देणे, हेच त्या पिढीने आपले कर्तव्य मानले होते. 'आमची भाषा टिकली पाहिजे' असे ठराव आपण दरवर्षी करतो. ज्या बाईला 'पाळीची वाट पाहू नका' एवढे सहा शब्दांच्या आतले वाक्य तिच्या भाषेत कोणी सांगितले नाही, तिच्यासाठी ती भाषा या शहरात टिकली असे म्हणावे काय?

आणि मराठी साहित्याने हा विषय कधी वर्ज्य मानला होता? जोतीराव फुल्यांनी १८६३ मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले. सुरतेच्या विजयालक्ष्मी या विधवेला १८८१ मध्ये अर्भकहत्येबद्दल शिक्षा झाली आणि वृत्तपत्रांनी साऱ्या स्त्रीजातीस झोडपले, तेव्हा बुलढाण्याच्या ताराबाई शिंद्यांनी १८८२ मध्ये 'स्त्रीपुरुष तुलना' लिहून पुरुषांना जाब विचारला. शकुंतला परांजपे यांनी आपले आयुष्य संततिनियमनाच्या प्रचारास वाहिले आणि विधान परिषदेत व राज्यसभेत तो विषय नेला. नको असलेला गर्भ आणि त्याची शिक्षा एकट्या बाईला, हा आपल्या वाङ्मयाच्या मध्यभागी असलेला प्रश्न आहे. तो परका वाटत असेल तर आपण ते वाङ्मय नुसते बांधून ठेवले, वाचले नाही.

आमच्या मागण्या मोजक्या आहेत. गर्भपाताची सेवा देणाऱ्या प्रत्येक सरकारी केंद्रात गर्भनिरोधनाची माहिती व साधने त्याच खोलीत, त्याच दिवशी, घरी सोडण्यापूर्वी मिळावीत, आणि साठ्याची किल्ली सुटीच्या दिवशीही तेथेच असावी. साधन घेणे ही गर्भपाताची अट नसावी, नवऱ्याची सही मागू नये, नकाराचीही तितक्याच आदराने नोंद व्हावी. पुरुषाला बाहेर बाकावर बसवून न ठेवता, स्त्रीची हरकत नसल्यास, आत बोलावून निरोध व पुरुष नसबंदी यांविषयी सांगावे. पुढील विचारपूस गुप्तता राखून व्हावी. २०२१ च्या दुरुस्तीनेच स्त्रीचे नाव उघड करणे दंडनीय ठरविले आहे, तेव्हा आशा कार्यकर्तीने दारात उभे राहून मोठ्याने चौकशी करणे हा उपाय नव्हे. आणि हे सारे तिला कळेल अशा भाषेत सांगितले जावे.

शेवटची गोष्ट आपल्या हातची आहे. मोठ्या टाइपातले एक पानी मराठी पत्रक आपण तयार करू शकतो, त्याचा मजकूर स्त्रीरोगतज्ज्ञांकडून तपासून घेऊ शकतो, आणि आपल्या तेलुगू व उर्दू भाषिक स्नेह्यांच्या साहाय्याने त्याची भावंडेही काढू शकतो. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी आपल्यातील निवृत्त शिक्षिका आठवड्यातून एक सकाळ रुग्णालयात जाऊन दुभाष्याचे काम करू शकतील. रुग्णालयाच्या अधिकाऱ्यांकडे तशी लेखी परवानगी मागावी लागेल, आणि ती मागण्याचे पत्र मंडळाच्या नावाने जावे अशी आमची सूचना आहे. ही सूचना आम्ही पुढील बैठकीत रीतसर मांडणार आहोत. 'कर्वे आता वाङ्मय झाले' असे म्हणणाऱ्या ज्येष्ठ सभासदांनाच तिचे अनुमोदक होण्याची आम्ही विनंती केली आहे. त्यांनी अजून होकार दिलेला नाही. नकारही दिलेला नाही.

आमच्याकडील त्या बाईने सध्या 'अंतरा' घेण्यास सुरुवात केली आहे. तीन महिन्यांनी पुन्हा जावयाची तारीख तिने आमच्या स्वयंपाकघरातील दिनदर्शिकेवर आमच्याकडून लिहवून घेतली, आणि पुढे स्वतःच्या हाताने एक फुली काढली.